नोटीस आलीच नाही, मग नोंद मंजूर झाली कशी?

सल्ला सदर : सरकारी कागद आणि आपण

वाचकाचं पत्र

माझं माहेर कोल्हापूर जिल्ह्यात. लग्नाला २६ वर्षं झाली, मी डोंबिवलीत असते. वडील गेल्या भाद्रपदात गेले. मागे आई, दोन भाऊ आणि मी. चार एकर उसाची जमीन, सातबारा वडिलांच्या एकट्याच्या नावावर होता. तीन आठवड्यांपूर्वी मुलानं ऑनलाइन उतारा काढला, तर त्यावर आई आणि दोघा भावांची नावं लागलेली. माझं नाव कुठंच नाही. फेरफार डिसेंबरातच मंजूर झालाय. मला नोटीस आली नाही, घरातून कुणाचा फोनही आला नाही. थोरल्याला विचारलं तर म्हणाला, "तुझं लग्न थाटात केलं, तोच तुझा वाटा. फारच वाटत असेल तर इतर हक्कात नाव टाकून देतो. नाहीतर दिवाळीला येशील तेव्हा हक्कसोडीवर सही कर, विषय मिटला." गावातला एक एजंट म्हणतो, पंचवीस हजार द्या, कलम १५५ खाली आठ दिवसांत दुरुस्ती करून आणतो. यजमान म्हणतात, सोडून दे, माहेर तुटेल. मला जमीन कसायची नाही, भावांशी भांडायचंही नाही. पण वडिलांच्या मुलांच्या यादीत मी नाहीच, हे वाचल्यापासून झोप लागत नाही. माझा हक्क गेला का? मी काय करू?

— एक माहेरवाशीण, डोंबिवली

उत्तर

ताई, तुमचा हक्क गेलेला नाही. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल.

मी महसूल खात्यात अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. वारस नोंदीच्या फायली किती हाताळल्या त्याची गणती नाही. त्यांत मुलीचं नाव गाळलेल्या फायलीही होत्या, आणि तेव्हा त्या मला जितक्या खटकायला हव्या होत्या तितक्या खटकल्या नाहीत, याचं आज वाईट वाटतं.

सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणून कुणी मालक होत नाही आणि नाव नाही म्हणून कुणाची मालकी जात नाही. फेरफार हा सरकारनं शेतसाऱ्याच्या सोयीसाठी ठेवलेला हिशेब आहे. सर्वोच्च न्यायालयानं हे अनेक निकालांत स्पष्ट केलंय. तुमचा हक्क वडील गेले त्या क्षणीच तुमच्याकडे आला, तो हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ मुळे. जमीन वडिलांनी स्वतः कमावलेली असेल आणि मृत्युपत्र केलेलं नसेल, तर आई, दोन भाऊ आणि तुम्ही असे चार सारखे वाटे होतात. जमीन वडिलोपार्जित असेल तर हिशेब वेगळा होतो, पण तुमचं स्थान भावांच्या बरोबरीचंच. २००५ च्या दुरुस्तीनं मुलगी जन्मतःच सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीची जन्मापासूनची हिस्सेदार झाली, आणि ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात त्यावरची उरलीसुरली शंकाही काढून टाकली. लग्नातला खर्च, दागिने, मानपान यांतलं काहीही कायदा वाटा म्हणून धरत नाही. भाऊ हे रागानं म्हणाले असोत की मनापासून, त्यानं वाटणी होत नाही.

मात्र "हक्क आहेच, मग बघू कधीतरी" असंही म्हणू नका. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे प्रमाणित झालेली नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. उद्या त्या उताऱ्यावर कुणी जमीन विकत घ्यायला आला, रस्त्यासाठी संपादन झालं, तर नोटीस उताऱ्यावरच्या नावांना जाते. तुम्हाला कळेल तेव्हा मोबदला वाटून झालेला असेल.

आता नोटीस. तुमच्या पत्राचा सगळा भार या एका गोष्टीवर आहे.

वारस नोंद कशी होते ते बघा. माणूस गेल्यावर वारसांनी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला वर्दी द्यायची असते. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावात अजून तलाठीच म्हणतात, मीही तेच म्हणते.) वर्दी तोंडी चालते, लेखी चालते, आणि तलाठ्यानं तिची लेखी पोच द्यायची असते. वारसांची चौकशी करून गाव नमुना ६क मध्ये, म्हणजे वारसांच्या नोंदवहीत, नावं लिहायची. मग नमुना ६ मध्ये फेरफार धरायचा. फेरफार धरला की कलम १५० प्रमाणे दोन गोष्टी लगेच करायच्या : नोंदीची प्रत चावडीवर लावायची, आणि ज्यांचा संबंध दिसतो किंवा असावा असं मानायला कारण आहे त्या सगळ्यांना लेखी कळवायचं. हीच नमुना ९ ची नोटीस. हरकतीसाठी पंधरा दिवस थांबायचं. कुणी हरकत घेतली तर ती नमुना ६अ मध्ये, तक्रारींच्या नोंदवहीत जाते आणि सुनावणी होते. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी, म्हणजे तलाठ्याच्या वरचा अधिकारी, नोंद तपासून मंजूर करतो. आणि कायद्यात सरळ लिहिलंय की संबंधितांना रीतसर नोटीस बजावल्याशिवाय कुठलीही नोंद प्रमाणित करायची नाही.

थोडक्यात, तुम्हाला न कळवता झालेली नोंद पायाशीच कच्ची आहे. तलाठी म्हणेल, "अर्जात मुलीचं नावच नव्हतं, मला काय ठाऊक?" हे उत्तर मी पुष्कळदा ऐकलंय आणि मला ते कधी पटलं नाही. वारस चौकशी म्हणजे अर्जात लिहिलेली नावं वहीत उतरवणं नव्हे. पोलीस पाटलाला विचारायचं, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारायचं. पूर्वी चावडी वाचन नीट व्हायचं तेव्हा मंडळ अधिकारी नोंद मोठ्यानं वाचायचे आणि मागे बसलेला एखादा म्हातारा म्हणायचा, "साहेब, त्याला एक लेकपण हाय, मुंबईकडं दिलीया." तेवढ्यानं नोंद थांबायची. सव्वीस वर्षांपूर्वी ज्या गावानं तुमच्या लग्नात जेवण केलं, त्या गावात तुम्ही आहात हे कुणाला माहीत नाही असं होत नाही.

तेव्हा आधी कागद मिळवा, बोलणी नंतर. मंजूर फेरफाराची प्रमाणित प्रत. भावांनी दिलेला वारस अर्ज, त्याला जोडलेलं प्रतिज्ञापत्र आणि इतर कागद. नमुना ६क चा उतारा. आणि नमुना ९ ची नोटीस कुणाकुणाला, कोणत्या तारखेला बजावली त्याचा अहवाल, सह्यांसकट. तलाठी कार्यालयात नकलेचा अर्ज करा, न जमल्यास तहसीलमध्ये. गावी जाणं होत नसेल तर अर्ज स्पीड पोस्टानं पोचपावतीसह पाठवा आणि पावती जपून ठेवा. टाळाटाळ झाली तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून तोच अर्ज पुन्हा करा, ३० दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. महाराष्ट्रात हा अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो, त्यामुळे त्यात घरची कहाणी लिहू नका, कागदांची नावं तेवढी लिहा.

प्रती हातात आल्या की दोन गोष्टी बघा. एक, अर्जात कुठं मृत्युपत्राचा उल्लेख आहे का. असेल तर सगळा मामला बदलतो आणि तुम्ही थेट वकिलाकडे जायला हवं. दुसरं, थोरल्या भावाच्या नावापुढे "ए.कु.मॅ." लिहिलंय का. एकत्र कुटुंब मॅनेजर. असं असेल तर भाऊ म्हणतील, "मी सगळ्यांच्याच वतीनं आहे, तूही त्यात आलीस." तसं ऐकून घेऊ नका. नाव लिहिलेलं असेल तरच ते उताऱ्यावर दिसतं.

आणि "इतर हक्कात टाकतो" यावर. हे मला जरा जोर देऊन सांगायचंय, कारण बहिणींची समजूत घालायची ही जुनी पद्धत आहे. सातबाऱ्याच्या नमुना ७ वर भोगवटादाराचा, म्हणजे जमीन ज्याच्या नावावर आहे त्याचा रकाना असतो आणि इतर हक्कांचा वेगळा. इतर हक्कात कर्जाचा बोजा येतो, विहिरीतला पाण्याचा हक्क येतो, कुळाचं नाव येतं. तिथं वारसाची जागा नाही. भाऊ भोगवटादार आणि बहीण मात्र सोसायटीच्या बोजाखाली, असे शेकडो उतारे मी पाहिलेत. तुमचं नाव आईच्या आणि भावांच्या ओळीत, भोगवटादार म्हणूनच लागलं पाहिजे. यावर तडजोड करू नका.

एजंटाचे पंचवीस हजार मात्र वाचवा. कलम १५५ आहे खरं, पण त्याचा आवाका लहान आहे. लिहिताना झालेली चूक, म्हणजे क्षेत्र चुकलं, नावातली वेलांटी चुकली, ती दुरुस्त करायला ते कलम. एखाद्या वारसाला वगळणं ही लेखणीची चूक नव्हे. भावांच्या माघारी कुणी १५५ चा आदेश मिळवून दिलाच, तर भाऊ अपिलात जातील आणि तो आदेश टिकणार नाही. वर तुम्हीही त्यांना नोटीस न देता काम केलं, असा ठपका बसेल. ज्या चुकीनं तुमची झोप उडाली तीच तुम्ही कराल.

पण त्याच कलमाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. लेखनप्रमादाबरोबरच, *संबंधित पक्षकारांनी जी चूक झाल्याचं मान्य केलंय* तीसुद्धा १५५ खाली दुरुस्त होते. म्हणजे आई, दोघे भाऊ आणि तुम्ही असा चौघांचा एकत्र अर्ज तहसीलदारांकडे गेला, "आमची बहीण वारस आहे, तिचं नाव अनवधानानं राहिलं, ते लावावं" असं त्यात लिहिलं, तर काम न भांडता होतं. एजंट लागत नाही. सोबतचं प्रतिज्ञापत्र साध्या कागदावर चालतं, सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क २००४ सालापासूनच माफ आहे. तुम्ही लिहिलंत तशी तुमची इच्छा असेल तर हाच रस्ता तुमचा.

त्यासाठी भावांशी बोलावं लागेल, आणि बोलताना त्यांची भीती काय आहे ते ओळखावं लागेल. बहुतेक भावांना बहीण जमीन मागेल याचं भय तितकंसं नसतं. त्यांना वाटतं की सातबाऱ्यावर आणखी एक नाव आलं की विकास सोसायटीचं पीककर्ज, मोटारीची वीजजोडणी, पाइपलाइन, प्रत्येक वेळी डोंबिवलीहून सही आणावी लागेल. ही अडचण खरी आहे, ती उडवून लावू नका. "नाव लावा, पीककर्जापुरतं संमतीपत्र मी आधीच करून देते" असं तुम्हीच म्हणा. पण कुलमुखत्यारपत्र करायची वेळ आली तर ते ठरावीक कामापुरतंच करा. विक्री, गहाण, वाटणी असे शब्द त्यात नकोत, आणि मजकूर वाचल्याशिवाय सही नको.

हक्कसोडीचंही तसंच. दिवाळीला येशील तेव्हा सही कर, या वाक्यानं मला कितीतरी घरं आठवली. तेराव्याला भांडी आवरून व्हायच्या आत बहिणींपुढे कागद ठेवतात. रडून डोळे सुजलेली बाई तो कागद वाचणार कधी? स्थावर मालमत्तेतला हक्क सोडायचा तर दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो, नोंदणी अधिनियम, १९०८ चं कलम १७ तेच सांगतं. घरी स्टॅम्पपेपरवर घेतलेल्या सहीनं हक्क सुटत नाही. तरी तसल्या कागदावर सही करू नका, पुढं सुनावणीत तोच कागद तुमच्या तोंडासमोर धरतील. आणि एकदा नोंदवलेलं हक्कसोडपत्र मन बदललं म्हणून मागं घेता येत नाही, दिवाणी कोर्टात जाऊन फसवणूक सिद्ध करावी लागते. तुम्हाला पुढेमागे खरोखर भावांना वाटा द्यायचा असेल तर जरूर द्या. त्यात मी पडणार नाही. मात्र आधी नाव लागू द्या, मग एखादं वर्ष जाऊ द्या, मग ठरवा. द्यायचाच झाला तर आईच्या नावानंही सोडता येतो, हे बहुतेकींना कुणी सांगत नाही.

"मला जमीन कसायची नाही" असं तुम्ही लिहिलंय. तरी तुमच्या मुलांचा विचार करा. कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे आपल्याकडे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. उताऱ्यावर तुमचं नाव असेल तर तुम्ही शेतकरी ठरता. उद्या मुलाला कुठं थोडंसं का होईना, शेत घ्यावंसं वाटलं तर हाच उतारा कामी येईल.

आता भाऊ ऐकायला तयारच नसतील तर. मंडळ अधिकाऱ्यानं मंजूर केलेल्या नोंदीविरुद्ध कलम २४७ खाली प्रांताधिकाऱ्यांकडे (उपविभागीय अधिकाऱ्यांकडे) अपील करता येतं. मुदत ६० दिवसांची. नोंद डिसेंबरातली, म्हणजे मंजुरीपासून मोजलं तर मुदत केव्हाच संपली. पण तुम्हाला कुणी कळवलंच नाही, तुम्हाला कळलं तीन आठवड्यांपूर्वी. तिथून मोजा. २१ दिवस गेले, ३९ उरले. प्रमाणित प्रत मिळायला कार्यालयानं लावलेले दिवस मुदतीतून वजा होतात. अपिलासोबत कलम २५१ खाली विलंब माफीचा अर्ज द्या, "नोटीस बजावलेली नाही, अमुक तारखेला ऑनलाइन उतारा पाहिला तेव्हा प्रथम कळलं" असं प्रतिज्ञापत्रावर लिहा. मुलानं काढलेला उतारा डिजिटल सहीचा असेल तर त्यावर तारीख छापलेली असते. तो कागद फाडू नका, मोबाइलमधून पुसू नका, तुमच्या माहितीच्या तारखेचा पुरावा तोच आहे. आणि नोंदीला स्थगिती मागणारा अर्जही त्याच दिवशी द्या.

प्रांत काय करतील? नोटीस बजावली नाही हे दिसलं तर सहसा नोंद रद्द करून फेरचौकशीला पाठवतात. मग तुम्हाला नोटीस येईल, तुम्ही जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, वडिलांच्या नावासह लग्नाची पत्रिका, जुनं रेशनकार्ड, जे असेल ते घेऊन उभ्या राहाल. तिथं हिश्श्याचा वाद घालू नका. कुणाला किती आणे, घर कुणाचं, विहीर कुणाची, हे महसूल अधिकारी ठरवत नाही. वारस कोण, एवढंच तिथं बघतात. वाटणी हवी असेल तर दिवाणी कोर्ट, आणि जमीन विकायची हालचाल दिसली तर मनाई हुकमासाठीही तिथंच, विनाविलंब. पण तुम्हाला आज तेवढं लागेल असं वाटत नाही.

भावांच्या प्रतिज्ञापत्रात "याव्यतिरिक्त अन्य वारस नाहीत" असं वाक्य बहुधा सापडेल. शपथेवर खोटं लिहिणं गुन्हा आहे आणि तुमच्या ओळखीतलं कुणीतरी पोलिसांत जा म्हणेलच. मी तसं सांगणार नाही. ते छापील वाक्य असतं, अर्ज लिहिणारा न वाचताच टंकतो आणि भाऊ न वाचताच सही करतात. शांतपणे दाखवा, "दादा, हे वाचलं होतंस का?" एवढ्यानं थोरल्याची मान खाली गेलेली मी पाहिली आहे. नाही गेली, तर प्रांतांसमोर तोच कागद बोलेल.

यजमान म्हणतात माहेर तुटेल. ही भीती मी हलकी मानत नाही, मलाही माहेर आहे. पण ताई, माहेर राखायला तुम्ही गप्प बसलात तरी दर सणाला त्या घरात शिरताना तो उतारा तुमच्या डोळ्यांपुढं असणार. बोलणी जरूर करा, फक्त त्यांत ३९ दिवस घालवू नका. भाऊ "बघू, दिवाळीनंतर" म्हणाले तर अपील आधी दाखल करा आणि मग खुशाल दिवाळीला जा. पुढं समेट झाला तर अपील मागं घेता येतं. हातची मुदत एकदा गेली की विलंब माफ करायचा की नाही ते अधिकारी ठरवणार, तुम्ही नाही.

या आठवड्यात नकलेचा अर्ज पाठवा. आणि त्याआधी, आजच, आईला फोन करा. भावांविषयी काही विचारू नका. एवढंच विचारा, की तलाठी घरी चौकशीला आला होता का, आणि त्यानं मुलं किती म्हणून विचारलं तेव्हा उत्तर कुणी दिलं.